लॉग टेबल

परवा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली काढली. सौ.चा हुकूम होता की यंदा त्यातली निम्मी रद्दी तरी गेलीच पाहिजे. जुन्या डायऱ्या, मुलांची प्रगतिपुस्तकं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आणि सगळ्यात तळाला एक लॉग टेबलचं पुस्तक. कव्हर गेलेलं, पानं पिवळी पडलेली. मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर, गणिताशी माझं आयुष्यभर वाकडं. मग हे पुस्तक माझ्याकडे कसं? पहिल्या पानावरची सही पाहिली आणि आठवलं. ते आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचं आहे. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

त्याआधी दुसऱ्या एका माणसाबद्दल लिहायचं आहे. त्याचं लॉग टेबल १९५० साली अमेरिकन सरकारने जप्त केलं होतं. आकड्यांच्या त्या रांगा म्हणजे शत्रूसाठी लिहिलेला गुप्त सांकेतिक मजकूर असावा, असा संशय होता म्हणून! मंडळी, हसू नका, खरी गोष्ट आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघं लेकीकडे लॉस एंजेलिसजवळ टॉरन्स गावी चार महिने होतो. तिथे म्हाताऱ्या माणसाला दोनच उद्योग, नातवाला शाळेतून आणणं आणि लायब्ररी. त्या लायब्ररीत आयरिस चँग या बाईंनी १९९५ साली लिहिलेलं एका चिनी शास्त्रज्ञाचं चरित्र हाती लागलं. माझं इंग्रजी मराठी माध्यमातल्या बी.ए.चं, त्यामुळे डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर वाचत होतो. त्याचं नाव चिनी उच्चाराप्रमाणे छ्येन श्युएसन असं काहीसं आहे. अमेरिकेत तो आडनाव त्सिएन असं लिहायचा. मीही त्सिएनच लिहितो.

त्सिएनचा जन्म १९११ सालचा. चीनमधली शेवटची बादशाही कोसळली ती त्याच हिवाळ्यात. घराणं हांगचौचं, वडील शिक्षण खात्यात. मुलगा शांघायला इंजिनिअरिंग शिकला, तेही रेल्वेच्या इंजिनांचं. तो शिकत असतानाच, १९३२ साली, जपानी विमानांनी शांघायवर बाँब टाकले. पुढे १९३४ मध्ये तो पदवीधर झाला आणि शिष्यवृत्ती मिळाल्यावर आगगाडी सोडून विमानाकडे वळला.

त्या शिष्यवृत्तीचीही एक गंमत आहे. १९०० साली चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर बंड झालं. ते मोडल्यावर विजयी राष्ट्रांनी चीनवर जबर खंडणी लादली. आपल्या वाट्याला आलेली रक्कम गरजेपेक्षा जास्त आहे हे अमेरिकेच्या लक्षात आलं, आणि जास्तीच्या पैशांतून चिनी मुलांना अमेरिकेत शिकवायची योजना निघाली. म्हणजे चीनचाच पैसा, चीनचाच मुलगा, शिक्षण मात्र अमेरिकेचं. इतिहासाच्या तासाला असं काही सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

१९३५ साली तो बोस्टनजवळच्या एमआयटीत गेला आणि वर्षभरात पदव्युत्तर पदवी घेऊन कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे कॅल्टेकमध्ये आला. तिथे थिओडोर फॉन कार्मान हे हंगेरियन ज्यू प्राध्यापक होते. युरोपात वारं फिरू लागल्यावर अमेरिकेत आलेले. या गुरु-शिष्यांचा एक प्रसंग त्सिएन म्हातारपणी सांगत असे. एकदा दोघांचा एका सिद्धान्तावरून कडाक्याचा वाद झाला आणि कार्मान रागारागाने निघून गेले. दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः शिष्याच्या खोलीवर आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, काल तुझं बरोबर होतं, माझं चूक. मी तेहतीस वर्षं मास्तरकी केली. असा नमस्कार मी एकदाही केला नाही. चुकलो नाही म्हणून नव्हे.

कॅल्टेकमध्ये तेव्हा चार-पाच उपद्व्यापी पोरांचं एक टोळकं रॉकेट बनवायच्या मागे लागलं होतं. त्यातल्या फ्रँक मलिना या विद्यार्थ्याच्या नादाने त्सिएनही त्यात आला. गणित तो करायचा, बाकीचे दारू ठासायचे. कॉलेजच्या आवारात इतके स्फोट झाले की लोक त्यांना ‘आत्मघातकी पथक’ म्हणू लागले. शेवटी त्यांची रवानगी गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात झाली. तिथेच ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांची पहिली चाचणी झाली होती, आणि त्या ओढ्याकाठच्या शेडांतूनच पुढे जेपीएल म्हणजे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. मंगळावर गाड्या पाठवणारी संस्था ती हीच. तिचं हे नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते १९४३ सालच्या एका प्रस्तावात, आणि तो लिहिणाऱ्या तिघांत कार्मान आणि मलिना यांच्याबरोबर त्सिएन होता.

दुसरं महायुद्ध आलं आणि दारूकाम करणारी ही पोरं लष्कराला एकदम हवीशी झाली. जड विमान आखूड धावपट्टीवरून उडवायचं तर त्याला रॉकेटचा ढकला द्यावा, ही त्यांची कल्पना. १९४१ साली एका छोट्या विमानाला रॉकेटं बांधून ती सिद्ध करून दाखवली. त्सिएनला गुप्त लष्करी कामाचा परवाना मिळाला. तो अमेरिकेचा नागरिक नव्हता, तरी.

आता मला जो भाग फार रंजक वाटला तो सांगतो. १९४४ च्या सप्टेंबरात अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख जनरल अर्नोल्ड यांनी कार्मान यांना न्यूयॉर्कच्या विमानतळावर बोलावलं आणि धावपट्टीवर उभ्या केलेल्या मोटारीत बसून सांगितलं की हे युद्ध आपण जिंकल्यातच जमा आहे, मला पुढचं हवंय. वीस, तीस वर्षांनी आकाशात काय असेल ते शोधून सांगा. युद्ध चालू असताना पुढच्या पिढीच्या आकाशाचा आराखडा मागणारा हा सेनापती मला मोठा वाटतो. कार्मान यांनी जी मंडळी निवडली त्यांत त्सिएन होता.

१९४५ च्या वसंतात हे लोक अमेरिकन गणवेशात जर्मनीत गेले. त्सिएनच्या खांद्यावर कर्नलची निशाणी. त्याने जर्मन रॉकेटांचे जनक व्हर्नर फॉन ब्राऊन यांची मुलाखत घेतली आणि जर्मनीतलं काम व पुढच्या शक्यता यांवर त्यांच्याकडून टिपण लिहून घेतलं. ग्योटिंगेनला प्रांटल यांना गाठलं. प्रांटल म्हणजे हवेच्या प्रवाहांच्या शास्त्राचे आद्य आचार्य आणि कार्मान यांचे गुरू. गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य असा तिघांचा एक फोटो आहे. त्यात एक हरलेल्या देशाचा आणि दोघं जिंकलेल्या देशाच्या गणवेशातले. (थोडं विषयांतर. आपले वि. मा. घाटगे याच प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आले आणि पुढे बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ या शिकाऊ विमानाचं डिझाइन त्यांनी केलं. ते १९५१ साली उडालं. म्हणजे नात्याने हे कार्मान यांचे गुरुबंधू! कोल्हापूरकर भाचेमंडळींनी नोंद घ्यावी.)

त्या दौऱ्यानंतर डिसेंबर १९४५ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर झाला. नाव ‘नव्या क्षितिजांकडे’ अशा अर्थाचं. त्यात आवाजापेक्षा वेगवान विमानं, रॅमजेट, घन आणि द्रव इंधनाची रॉकेटं, एवढंच काय विमानासाठी अणुइंधन वापरता येईल का, या विषयांवर त्सिएनने लिहिलं. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. एका देशाच्या आकाशाचं भविष्य ज्यांनी आखलं त्यांत दुसऱ्याच देशाचा पासपोर्ट असलेला हा तरुण होता आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

१९४७ साली तो चीनला जाऊन आला, जियांग यिंग या गायिकेशी लग्न केलं. १९४९ मध्ये अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्याच वर्षी कॅल्टेकने त्याला गोडार्ड यांच्या नावाच्या अध्यासनावर परत बोलावलं. आपले सतीश धवन तेव्हा तिथेच विमानविद्येचे विद्यार्थी होते. वर्षाअखेरीस न्यूयॉर्कला त्याने एक भाषण दिलं, की पंख असलेलं रॉकेट सरळ वर उडेल, वातावरणाबाहेर जाईल आणि घसरत खाली येत न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला तासाभराच्या आत पोचेल. मासिकांनी त्याची रंगीत चित्रं छापली. पंखांवर तरंगत परतणाऱ्या अवकाशयानाचा विचार पुढे हवाई दलाने आणि नासाने केला, त्याच्या आरंभीच्या पानांत हे भाषण येतं.

इथून कथा बदलते. ६ जून १९५० रोजी एफबीआयची माणसं त्याच्या ऑफिसात आली. १९३८ च्या सुमारास पॅसाडेनात वाइनबाउम नावाच्या सहकाऱ्याच्या घरी मंडळी जमत, गाणंबजावणं होई, गप्पा होत. ती कम्युनिस्ट पक्षाची शाखा होती आणि तुम्ही तिचे सभासद होता, असा आरोप. त्सिएनने साफ नाकारलं. तो खरोखर सभासद होता का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, हेरगिरीचा मात्र एकही पुरावा कधीच पुढे आला नाही. त्याच सुमारास त्याचा गुप्त कामाचा परवाना काढून घेतला. ज्याच्या कामातला बराचसा भाग त्या परवान्याशिवाय हात लावण्यासारखा नव्हता त्याने करायचं काय? मानी माणूस. म्हणाला, मी मायदेशी जातो.

महिना संपायच्या आत कोरियाचं युद्ध पेटलं. त्सिएनने तिकिटं काढली, सामान बांधलं. आठशे किलोंच्या आसपास पुस्तकं आणि कागद. ते बंदरावर अडवलं गेलं. वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले, गुप्त नकाशे, सांकेतिक लिपीची पुस्तकं पकडली म्हणून. तपासाअंती ती सांकेतिक पुस्तकं म्हणजे लॉगॅरिथमची कोष्टकं निघाली. कस्टमच्या ज्या कोणा साहेबाला ती गूढ वाटली त्याच्याबद्दल माझ्या मनात थोडी सहानुभूती आहे. मलाही ती अकरावीपर्यंत तशीच वाटायची.

सप्टेंबरात त्याला अटक करून टर्मिनल आयलंडवर दोन आठवडे डांबलं. पंधरा हजार डॉलर जामिनावर सोडलं. माझ्या आग्रहावरून जावयाने एका रविवारी आम्हाला सॅन पेद्रोच्या धक्क्यावर नेलं. समोर ते बेट. क्रेन, कंटेनरच्या थप्प्या, समुद्रपक्षी. याच बेटावर जपानी वंशाच्या कोळ्यांची वस्ती होती आणि १९४२ साली त्यांना ४८ तासांत घरं रिकामी करायला लावली होती, हे तिथल्या स्मारकाजवळ उभं राहून जावयाने सांगितलं. सौ. म्हणाली, या बेटाला संशयाची सवयच दिसते.

पुढची पाच वर्षं तर विनोदाच्या पलीकडची. सरकारचं एक खातं म्हणे, हा कम्युनिस्ट आहे, याला हद्दपार करा. १९५१ साली तसा आदेश निघाला. दुसरं खातं म्हणे, याच्या डोक्यात जे आहे ते शत्रूला मिळता कामा नये, याला जाऊ देऊ नका. नौदल खात्याचे डॅन किंबल हे तर हा एकटा कित्येक डिव्हिजन सैन्याच्या तोडीचा आहे असं म्हणाल्याचं सांगतात. म्हणजे हाकलायचंही आणि अडकवायचंही. लॉस एंजेलिस परगण्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, दर महिन्याला हजेरी द्यायची. घराबाहेर पाळत, फोनवर कान. पत्नीने सामानाच्या छोट्या बॅगा कायम भरून ठेवलेल्या असत.

या काळात कॅल्टेकने त्याची नोकरी काढून घेतली नाही, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. अध्यक्ष ड्युब्रिज यांनी त्याच्यासाठी खटपट केली. लष्करी संशोधन बंद झालं म्हणून त्सिएनने यंत्रांच्या नियंत्रणावर नवं शास्त्र मांडलं, ‘इंजिनिअरिंग सायबरनेटिक्स’, १९५४ साली. आणि फ्रँक मार्बल नावाचे तरुण सहकारी या पाच वर्षांत त्याच्या घरी जात-येत राहिले. हे नाव लक्षात ठेवा.

सुटका झाली ती राजकारणाने. बेल्जियममधल्या नातेवाइकांकरवी त्सिएनने एक चिठ्ठी चीनला पोचवली. १ ऑगस्ट १९५५ पासून जिनिव्हात अमेरिका आणि चीनच्या राजदूतांची बोलणी सुरू झाली. चीनने कैदेतले अकरा अमेरिकन हवाई सैनिक सोडले, अमेरिकेने त्सिएनला जायला परवानगी दिली. १७ सप्टेंबरला तो बायको आणि दोन मुलांसह बोटीवर चढला. पुन्हा अमेरिकेत पाय ठेवला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एका परदेशी रॉकेटवाल्याचा निर्णय लागला होता. फॉन ब्राऊन यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. हिटलरच्या एसएसचे सभासद राहिलेले, छळछावणीतल्या कैद्यांच्या मजुरीवर ज्यांची रॉकेटं बनली ते फॉन ब्राऊन. किंबल साहेब पुढे म्हणाले की या देशाने याहून मूर्खपणाचं काम कधी केलं नसेल.

चीनमध्ये ८ ऑक्टोबर १९५५ रोजी तो परतला आणि बरोबर एक वर्षाने, ८ ऑक्टोबर १९५६ ला, चीनची क्षेपणास्त्र संशोधन संस्था सुरू झाली. प्रमुख त्सिएन. पुन्हा तेच काम, देशाच्या पुढच्या बारा वर्षांच्या विज्ञानाचा आराखडा आखणं. तिथे त्याने मांडलेला मुद्दा मला फार आवडला. सगळे म्हणत होते की आधी विमान बनवू, मग क्षेपणास्त्र. त्सिएन म्हणाला, उलट. विमान शेकडो वेळा उडायचं, त्यात माणूस बसायचा, त्यामुळे त्याचं इंजिन आणि धातू वर्षानुवर्षं टिकायला हवेत. ते धातू बनवायला गरीब देशाला पिढी लागेल. क्षेपणास्त्र एकदाच उडतं, काही मिनिटं टिकलं की काम झालं. अवघड आहे ते त्याला वाट दाखवणं, आणि ते गणिताने आणि डोक्याने सुटतं. ज्या देशाकडे पोलाद कमी आणि मुलं हुशार, त्याने काय आधी करावं याचा इतका सरळ हिशोब मी दुसरीकडे वाचला नाही.

रशियाने नमुन्याची रॉकेटं आणि तज्ज्ञ दिले, १९६० च्या ऑगस्टमध्ये भांडण होऊन तज्ज्ञ परत नेले, आणि नोव्हेंबरात चिन्यांनी नकल केलेलं पहिलं क्षेपणास्त्र उडवलं. मात्र स्वतः आखलेलं पहिलं, मार्च १९६२ मध्ये, जेमतेम मिनिटभर उडून कोसळलं. रॉकेट उडताना बांबूसारखं लवतं, थरथरतं. आराखड्यात ते ताठ काठीसारखं धरलं होतं. त्सिएनने नियम केला की जे जमिनीवर तपासता येतं ते आकाशात तपासायला पाठवायचं नाही. आणि प्रत्येक भाग आपापल्या जागी उत्तम असून चालत नाही, सबंध यंत्राचा विचार करणारी एक वेगळी तुकडी हवी. जून १९६४ मध्ये ते क्षेपणास्त्र व्यवस्थित उडालं. ऑक्टोबर १९६४ ला चीनने अणुबाँबची चाचणी केली. तेव्हा मी हायस्कूलात होतो, बासष्ट सालची हार ताजी होती आणि वडिलांनी रेडिओ बंद करून टाकला होता हे मला आठवतं. २४ एप्रिल १९७० रोजी १७३ किलोंचा चिनी उपग्रह आकाशातून गाणं वाजवत फिरला. आपला आर्यभट्ट १९७५ चा.

इथपर्यंत वाचून मी त्सिएनच्या प्रेमात पडलो होतो. मग १९५८ चं पान आलं.

त्या वर्षी माओंनी ‘मोठी झेप’ जाहीर केली. गावोगावचे पुढारी पिकाचे अफाट आकडे वर पाठवू लागले. जूनमध्ये त्सिएनने तरुणांच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. शेतावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी तीस टक्के जरी पिकाने वापरला, तर एका मूमध्ये चाळीस हजार जिन धान्य निघू शकेल, असा हिशोब. आपल्या मापात सांगतो. मू म्हणजे साडेसहा गुंठे आणि चाळीस हजार जिन म्हणजे दोनशे क्विंटल. साडेसहा गुंठ्यांत दोनशे क्विंटल! आमच्या अण्णांनी हा आकडा ऐकला असता तर पायातलं पायताण हातात घेतलं असतं. तेवढ्या रानात अडीच क्विंटल गहू आला तरी आमच्याकडे सत्यनारायण व्हायचा. गणित चुकलं नव्हतं. गृहीतक खोटं होतं, कुठलंच पीक एवढा प्रकाश वापरत नाही. रॉकेटाला ताठ काठी धरण्यासारखंच ते, फक्त इथे जमिनीवर तपासायचा त्याचा स्वतःचा नियम त्याने पाळला नाही.

माओंचे त्या काळचे सचिव ली रुई यांनी पुढे सांगितलं की हा लेख माओंनी वाचला होता आणि त्या आकड्यांवर विश्वास ठेवायला त्याचा आधार वाटला. खोट्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं. १९५९ ते ६१ या काळात जो दुष्काळ पडला त्यात दीड कोटीपासून चार कोटींवर माणसं मेली असे वेगवेगळे अंदाज आहेत. ते एका लेखाने झालं असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. लेख नसता तरी झालंच असतं. पण ज्याच्या शब्दाला वजन होतं त्याने ते वजन कुठल्या पारड्यात टाकलं हे तर उरतंच ना?

माझी लेक म्हणाली, बाबा, तो घाबरला असेल. पाच वर्षं एका सरकारच्या संशयात काढलेला माणूस दुसऱ्या सरकारला संशयाची संधी कशाला देईल? असेल. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्याच्याबरोबर उपग्रहाचं काम करणारे झाओ जिउझांग यांनी १९६८ मध्ये छळाला कंटाळून आत्महत्या केली. क्षेपणास्त्रांच्या धातूंचे तज्ज्ञ याओ तोंगबिन यांना त्याच वर्षी जमावाने मारून टाकलं. त्सिएन वाचला. वाचण्याची किंमत काय असते हे आरामखुर्चीत बसून मी ठरवू नये. तरी त्या पानानंतर पुस्तक चार दिवस मिटून ठेवलं होतं.

आणि ते मिटून ठेवण्याचं खरं कारण त्सिएन नव्हता.

१९७३ साली मी शाळेत लागलो. गाव आणि संस्था यांची नावं लिहीत नाही. गणिताचे सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. माझा गणिताचा धसका पाहून त्यांनी ते लॉग टेबल मला दिलं होतं, म्हणाले, कादंबरीसारखं वाचा, शेवट गोड आहे. मनाने समाजवादी. आणीबाणीत कुठल्याशा पत्रकावर सही केली म्हणून ७५ च्या डिसेंबरात पोलीस त्यांना घेऊन गेले. संस्थेने पगार थांबवला. घरात बायको, दोन लहान मुली. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एक अर्ज फिरला, निदान अर्धा पगार त्यांच्या घरी द्यावा अशी संस्थेला विनंती. पाच सह्या झाल्या होत्या. मी नोकरीत कायम व्हायचा होतो. मी म्हणालो, उद्या करतो. दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकली. अर्ज पाच सह्यांनीच गेला.

७७ साली सर सुटून आले, पुन्हा रुजू झाले, निवृत्त होईपर्यंत माझ्या शेजारच्या टेबलावर बसले. त्यांनी विषय काढला नाही, मी तर नाहीच नाही. २०११ साली गेले. अंत्यदर्शनाला गर्दीत मागे उभा होतो. हे मी घरीही कधी सांगितलं नव्हतं. सौ. आज हे वाचेल तेव्हा तिलाही पहिल्यांदाच कळेल.

त्सिएनचा शेवट थोडक्यात सांगतो. चीनमध्ये त्याला सगळे मान मिळाले. म्हातारपणी अतींद्रिय शक्तींच्या नादी लागून त्याने शास्त्रज्ञांना अवघडवलंही. २००५ मध्ये पंतप्रधान वन जियाबाओ भेटायला आले तेव्हा त्याने विचारलं की आपल्या विद्यापीठांतून खरोखरीचे मोठे, स्वतंत्र डोक्याचे लोक का निघत नाहीत? चीनमध्ये आजही याला ‘त्सिएनचा प्रश्न’ म्हणतात. गुरू शिष्यापुढे वाकला होता ती खोली त्याला आठवत असावी. ३१ ऑक्टोबर २००९ ला, म्हणजे कोरड्या ओढ्यातल्या त्या पहिल्या चाचणीच्याच तारखेला, तो वारला. वय ९७.

आणि फ्रँक मार्बल. त्सिएनने मागे सोडलेले कागद त्यांनी वर्षानुवर्षं जपले आणि १९९० च्या दशकात चीनला पोचवले. कॅल्टेकने १९७९ साली त्सिएनला नामवंत माजी विद्यार्थ्याचा सन्मान जाहीर केला होता. तो घ्यायला त्सिएन गेला नाही. बावीस वर्षं तो सन्मान तसाच होता. डिसेंबर २००१ मध्ये, त्सिएनच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्र्याऐंशी वर्षांचे मार्बल तो घेऊन स्वतः बीजिंगला गेले आणि अंथरुणाला खिळलेल्या मित्राच्या हातात दिला.

मी पंच्याहत्तरीला आलोय. पुण्याला जायला मला तीन तास लागतात. काल ते लॉग टेबल समोर ठेवून सरांच्या धाकट्या मुलीचा नंबर मिळवला आणि फोन केला. बाईंकडे दिला तिने. आवाज अजून खणखणीत. मी नाव सांगितलं. म्हटलं, सरांचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलंय, आणून द्यायचं आहे.

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, “हो हो, ओळखलं की. आमच्या दारावरून रोज सायकलवर जायचात ना तुम्ही? त्या दीड वर्षात तेवढी मान खाली घालून जायचात. या, रविवारी या. जेवायलाच या.”